भाऊच्या गाडीतला आवाज

वहिनींचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. "ताई, तुमचे भाऊ गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी विचारलं, "कुठे?" मग कळलं. जेवून खुर्चीत बसला, पाणी मागितलं, वहिनी तांब्या घेऊन येईपर्यंत मान कलली होती. मी फोन ठेवला आणि हातातली अर्धी पोळी खाऊन संपवली. डबा धुतला. मुख्याध्यापकांना सांगून धुळ्याच्या स्टँडवर आले आणि जळगावची गाडी धरली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, दोन्ही बाजूंना कापूस वेचायला आला होता. रडू येईल म्हणून रुमाल हातात धरला होता. जळगावला उतरले तेव्हा त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. आता दोन महिने होत आले. लोक भेटायला येतात, माझ्या पाठीवरून हात फिरवतात, आणि मी त्यांना चहात साखर किती ते विचारते.

दिगंबर माझा थोरला भाऊ. घरात, मिलमध्ये, गल्लीत सगळ्यांचा दिगूभाऊ. जळगावात आबांची, म्हणजे आमच्या वडिलांची, डाळमिल होती आणि मेकॅनिकलचा डिप्लोमा करून भाऊ त्याच मिलवर बसला. तरुणपणी त्याने एकच हौस केली. नाशिकच्या एका डॉक्टरांकडून जुनी दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली. लाल, फायबरच्या बॉडीची, छत मागे ढकलता येणारी. दिसायची फार देखणी, पण इंजिन अगदी साध्या घरगुती गाडीचं. आबा म्हणायचे, "दिसाले चित्ता, पळाले म्हैस." पुढे लग्न झालं, मुलगी झाली, आबा गेले, मिलचा सगळा भार आला आणि गाडी मिलमागच्या गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली गेली. पन्नाशी ओलांडल्यावर, मुलगी सासरी गेल्यावर, एका रविवारी त्याने ती ताडपत्री काढली. मला फोन करून म्हणाला, "शोभा, मी गाडीला टर्बो बसवतोय." मला टर्बो म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तो म्हणाला, "आई चुलीत फुंकणीने फुंकायची तेव्हा जाळ कसा व्हायचा? तसंच. इंजिनाचा वाया जाणारा धूर एक पंखा फिरवतो आणि त्या पंख्याने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. फुंकणारा कोण, तर चुलीचाच धूर."

असल्या गाडीसाठी तयार काही मिळत नाही, म्हणून सगळं घरीच करायचं ठरलं. धुळ्यात आग्रा रोडला भंगारात निघालेल्या एका डिझेल कारचा टर्बो त्याने फोनवरच पक्का केला आणि आणायचं काम माझ्याकडे दिलं. गोगलगायीच्या आकाराचा तो ओतीव लोखंडाचा गोळा मांडीवर घेऊन मी बसने जळगावला गेले. पिशवीकडे पाहून कंडक्टरने विचारलं, "यामा काय शे, ताई?" मी म्हटलं, "पंखा शे." त्याने मान हलवली आणि तिकीट दिलं. पुढचं वर्षभर भाऊचा प्रत्येक रविवार गोडाऊनमध्ये गेला. वाफेच्या लाईनला लागणारे जाड पोलादी एल्बो, म्हणजे वळणाचे पाइप, कापून, वेल्डिंग करून त्याने इंजिनापासून टर्बोपर्यंतची वाट तयार केली. ती दोनदा तडकली. दोनदा त्याने ती परत केली. टर्बोला तेल देणारी बारीक नळी, तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर, पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर... हे सगळं करताना तो फारसा बोलत नसे. आम्हाला वाटायचं, वयाने माणूस शांत झाला.

त्या दिवाळीत भाऊबीजेला मी माहेरी होते. ओवाळून झाल्यावर तो म्हणाला, "चल, तुला फिरवून आणतो." गावाबाहेर एक बंद पडलेली सूतगिरणी आहे. तिच्या आवारातला सिमेंटचा लांब, सरळ रस्ता वापरायची परवानगी त्याने काढली होती. गाडी सुरुवातीला नेहमीसारखी चालली, मग एकदम पाठीत कुणीतरी ढकलावं तशी पुढे झेपावली. त्याच वेळी पुढून एक आवाज येऊ लागला. स्टीलच्या डब्यात हरभरे हलवावेत, तसा. मी विचारलं, "भाऊ, हे काय खडखडतंय?"

"काय?"

"आवाज येतोय ना."

"कुठे? काही नाही," तो म्हणाला आणि आणखी दाबली. रस्ता संपायच्या आत मागून निळा धूर निघाला आणि गाडीतला जोर गेला. दोराने ओढत आणावी लागली. दुसऱ्या दिवशी इंजिन उघडलं तर एका पिस्टनच्या कडा चुरा होऊन पडल्या होत्या. पेट्रोल वेळेआधी भडकलं की तसं होतं, आणि त्याची आगाऊ सूचना म्हणजे तोच आवाज. मी त्याच्या मागे उभी होते. मी म्हटलं, "मी तुला सांगत होते." तो वळला नाही. मी पुन्हा म्हटलं, जरा हळू. मग अजून हळू... तो चिंधीने हात पुसत राहिला. मग मी पुढे जाऊन उभी राहिले आणि त्याने वर पाहिलं. माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं.

"चार-पाच वर्षं झाली," तो म्हणाला. "बारीक आवाज येतच नाहीत. मिलने नेले."

"वहिनींना माहीत आहे?"

"नाही. आबा शेवटी कसे ओरडून बोलायचे, आठवतं ना? हमालसुद्धा त्यांची नक्कल करायचे." तो पिस्टन हातात फिरवत होता. "पंगतीत माणसं हसली की मीही हसतो. कशाला हसली ते घरी येऊनही कळत नाही." थोड्या वेळाने म्हणाला, "ज्याला ऐकू येत नाही त्याने ही गाडी करू नये. झाकून टाकतो परत."

मी म्हटलं, "मला येतं ना ऐकू."

पुढे जे झालं ते मी आयुष्यात केलेलं सगळ्यात विचित्र काम आहे. इंजिन पुन्हा बांधून झाल्यावर भाऊने तांब्याच्या एका नळीचं टोक ठोकून चपटं केलं आणि इंजिनाच्या अंगाला बोल्टने आवळलं. नळीच्या दुसऱ्या टोकाला रबरी पाइप, आणि पाइप थेट कानावर लावायच्या जाड टोप्यांमध्ये. त्या टोप्या मिलमधल्याच. कामगारांचे कान राखायला आणलेल्या, कधीच कुणी न वापरलेल्या. रविवारी सकाळी मी धुळ्याहून यायचे, साडीचा पदर खोचून त्याच्या शेजारी बसायचे आणि त्या टोप्या चढवायचे. सगळं जग बंद व्हायचं, फक्त इंजिनाचं पोट ऐकू यायचं. हरभरे वाजले की मी हात वर करायचा. भाऊ लगेच पाय काढायचा, गाडी थांबवायचा, मांडीवर लॅपटॉप घेऊन ठिणगीची वेळ किंचित मागे घ्यायचा. पुन्हा एक फेरी. सूतगिरणीचा वॉचमन खुर्चीवर बसून आम्हाला बघायचा. एकदा त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, भाऊस्ले गाडी चालवता येत नई का? तुमी सारखा हात वर करतस." मी भाऊला सांगितलं, तेव्हा तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. या वेळी त्याला माहीत होतं, आपण कशाला हसतोय.

होळीच्या सुमाराला एक दिवस मी हात वर केलाच नाही. त्याने पुन्हा फेरी मारली. थांबून, माझ्या कानावरची टोपी एका बाजूने उचलून विचारलं, "तुले काय ऐकू उनं?" घरात तो अहिराणी फक्त आईशी बोलायचा. मी म्हटलं, "काही नई." त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि तसाच बसून राहिला. त्या संध्याकाळी त्याने मला बसने जाऊ दिलं नाही. छत उघडून, हायवेने थेट धुळ्यापर्यंत सोडलं. एरंडोलच्या पुढे चढाला त्याने पाय दाबला तेव्हा बारीक शीळ घुमल्यासारखा आवाज आला. मी ओरडून सांगितलं, तुझा टर्बो शीळ घालतोय. तो म्हणाला, "कशी?" मी तोंडाने करून दाखवली, त्याला तीही ऐकू आली नाही. मग मी त्याच्या हातावर बोटाने एक रेघ ओढली, हळूहळू वर चढत जाणारी. तो म्हणाला, "अच्छा."

त्यानंतर त्याने वहिनींना स्वतःहून सांगितलं आणि कानाची मशीन घेतली. मशीन लावून दवाखान्यातून घरी न जाता तो आधी गोडाऊनवर गेला, गाडी काढून रस्त्यावर नेली. मला फोन केला. मी विचारलं, ऐकली का शीळ? म्हणाला, "एवढीशीच? मला वाटलं रेल्वेसारखी असेल." मग जरा थांबून, "पण छान आहे गं." तेव्हापासून दोन वर्षं तो रोज तीच गाडी घेऊन मिलवर जायचा आणि यायचा.

गेल्या रविवारी जळगावला गेले होते. वहिनी म्हणाल्या, गाडी उभी राहून खराब होईल, जरा फिरवून आणता का, मीही येते. आम्ही दोघी अजिंठा रोडने थोडं लांब जाऊन आलो. वाटेत टर्बोची शीळ आली. त्या आवाजाने मला काहीतरी होईल असं वाटलं होतं... झालं नाही. घरासमोर गाडी उभी केली. वहिनी दार उघडायला लागल्या. मी म्हटलं, "थांबा वहिनी, लगेच बंद करायची नसते. पळवून आणली की थोडा वेळ चालू ठेवायची. टर्बो लालभडक तापलेला असतो, तेलाने तो निवला की मग किल्ली फिरवायची. ही गाडी चालवायला शिकवताना भाऊने पहिल्यांदा तेच सांगितलं होतं मला."

वहिनींनी दारावरचा हात काढून घेतला. समोर घराचं दार, दारात त्यांच्या चपला, आत जिन्याचा दिवा.

"रोज संध्याकाळी असेच बसायचे," त्या म्हणाल्या. "गाडी दारात यायची आणि हे आतच बसून राहायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. मला वाटायचं, घरात यावंसं वाटत नाही यांना."

इंजिन एका लयीत चालू होतं. वहिनींनी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "आता किती वेळ?"

"अजून थोडा," मी म्हटलं. आणि आम्ही दोघी बसून राहिलो.