न्हाऊ घालणारे हात

खडकीच्या आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी बाईमाणूस वारलं की तिला शेवटची आंघोळ मी घालते. तीस वर्षं होत आली. आधीच्या पाळकसाहेबांच्या पत्नीने मला हे शिकवलं आणि एकच ताकीद दिली. मुकाट्याने हात लावायचा नाही, आधी सांगायचं. "आता उजवा हात घेते हं. आता कूस बदलू या." सांगितलं की ताठ झालेला हातही सैल सुटतो. मला आधी हे थोतांड वाटलं होतं. मग एकदा न सांगता एका बाईचा हात उचलायला गेले, तर तो जागचा हलेना. सांगितलं, आणि आला. विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, माझं काही अडलेलं नाही.

लोकांना माझी गरज पडते, पण माझ्या हातचा चहा चालत नाही. लग्नघरी गेले की बायका नवरीला हळूच पलीकडे सरकवतात. ते मी पचवलं. प्रभूने नेमून दिलेलं काम आहे, थोडं सोसायचंच, म्हटलं. पण यंदा नात झाली आणि पचवलेलं सगळं वर आलं.

सुनेने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "आई, राग मानू नका. पण त्याच हातांनी बाळाला आंघोळ नको. ते काम सोडलंत तर खुशाल घाला." मुलगा मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला. नातीला न्हाऊमाखू घालायचा हक्क आजीचा, आणि मी मोरीच्या दारातून बघत होते. आठ दिवस कळ काढली. नवव्या दिवशी पाळकसाहेबांना फोन करून म्हटलं, "माझं नाव काढा. यापुढे शववाहिनीवाल्यांकडूनच करून घेत जा." सुनेने शब्द पाळला आणि बाळ माझ्या पायांवर आणून ठेवलं.

काय सुख होतं ते, कुणाला सांगू. तेलाने चकचकणारी ती वीतभर पाठ बघितली की मी सगळं विसरायचे. एकच गोष्ट खटकत होती. बाळ रडत नसे. आंघोळीला न रडणारं तान्हं मूल मी पाहिलेलं नाही. ही डोळे उघडे ठेवून, अंग सैल सोडून गप्प पडून राहायची आणि माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघायची. "गुणी आहे हो," शेजारणी म्हणायच्या. गरम पाण्याच्या वाफेत बसूनही मला गार वाटायचं.

एका सकाळी सून टॉवेल घेऊन आली आणि दारातच थबकली. "आई, तिच्याशी काय बोलताय तुम्ही?"

तेव्हा कुठे माझाच आवाज माझ्या कानावर पडला. तोच हलका, सपाट आवाज. "आता उजवा हात घेते हं." किती दिवस बोलत होते, देव जाणे. "काही नाही गं," म्हटलं. खोटं बोलले. बाळाचा उजवा हात अलगद माझ्या हातात आलेला होता.

त्याच आठवड्यात पाळकसाहेबांचा फोन आला. बाजाराजवळच्या खोलीत एकटी राहणारी एक निवृत्त नर्स पहाटे गेली होती. "मावशी, तुम्हाला बोलवणार नव्हतो. पण शववाहिनीवर दोघेही पुरुष आहेत. शेजारीण त्यांना दारातच अडवून बसलीय. म्हणते, मावशी येणार आहेत."

सून समोरच होती. बाळाचं पाणी तापलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "जा आई. पण गेलात तर पुन्हा बाळाला हात लावायचा नाही." चिडून म्हणाली असती तर मी भांडले असते. मी चपला पायांत सरकवल्या.

त्या खोलीत सगळं मांडून ठेवलेलं होतं. पांढरं पातळ, टॉवेल, ओडिकोलोनची बाटली, आणि माझ्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी एक बुटकं स्टूलसुद्धा. शेजारीण म्हणाली, "काल संध्याकाळी त्यांनीच काढून ठेवलं. मी म्हटलं, अहो, मावशींनी काम सोडलंय. तर म्हणाल्या, येतील, त्यांना तरी कुठे चैन पडतंय."

या बाईशी मी रविवारी देवळाच्या दारात खुशाली विचारण्यापलीकडे कधी बोललेलेही नव्हते. मी दार लोटून स्टुलावर बसले. नेहमीसारखं सांगायला तोंड उघडलं, तर रडूच कोसळलं. "बाई, माझी नात गेली हो माझ्या हातची," एवढंच म्हणाले. मी काही सांगितलं नव्हतं, हात लावला नव्हता, तरी तिचा हात कॉटवरून घसरला आणि माझ्या गुडघ्यावर येऊन पडला. गादी उतरती असेल. मी डोळे पुसले आणि कामाला लागले.

दुपारी घरी पोचले तोवर बाळाच्या आंघोळीला बाई ठरून गेली होती. आता रोज सकाळी मोरीतून रडणं ऐकू येतं, चांगलं खणखणीत. मी बाहेर बसून ऐकते. मला राग येत नाही असं नाही. येतो, सुनेचा येतो आणि देवाचाही येतो. पण फोन वाजला की उठते. ज्याचा त्याने आपला वधस्तंभ वाहायचा असतो, हे जन्मभर ऐकत आले. माझा पाच किलोचा आहे, त्याला दुधाचा वास येतो, आणि तो उचलायची मला मनाई आहे.