सोबत आलेल्यांचेही डोळे

डोळ्यांच्या दवाखान्यात एक फोटोवाल्या ताई आहेत. बावीस वर्षं त्याच अंधाऱ्या खोलीत, त्याच फिरत्या स्टुलावर. त्यांची एक खोड आहे. कागदावर एकाचंच नाव असलं तरी सोबत आलेल्या नातलगालाही त्या कॅमेऱ्यापुढे बसवतात. यावरून साहेब लोकांशी त्यांचं कितीदा वाजलंय! मला त्या साहेबांचाच राग येतो. कागद वाचतात, माणूस वाचत नाहीत.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या एका शिवणकामवालीला मी तिथे घेऊन गेलो. तिच्या थोरल्या मुलीचा डावा डोळा गेला होता. ताईंनी मुलीच्या हाताच्या शिरेत रंगाचं इंजेक्शन दिलं आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढले. रक्तवाहिन्या पडद्याच्या कडेपर्यंत पोचल्याच नव्हत्या, अगदी जन्मापासून. मग ताई आईकडे वळल्या.

"आता तू बस."

"मला काय धाड भरलीय? चष्म्याशिवाय सुई ओवते मी!"

"बस गं. हनुवटी टेकव. वर बघ. खाली बघ. आता नणंदेकडे बघतेस तसं तिरकं बघ."

आई खुदकन हसली. पण फोटोत तिच्याही रक्तवाहिन्या अर्ध्या वाटेत थांबलेल्या. डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहून सांगितलं, आजार रक्तातून आलेला आहे.

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच दिलं हे पोरीला?"

"नाकही तूच दिलंस. त्याची माफी मागितलीस का?" ताई करवादल्या. "घरी आणखी कोण आहे?"

"धाकटी. पाच वर्षांची. तिला सगळं दिसतं."

"तुलाही दिसतंच की! उद्या घेऊन ये तिला."

धाकटीच्या कागदावरून नोंदणीच्या खिडकीवर हुज्जत झाली, ती मी निस्तरली. फोटोत दोन्ही डोळ्यांच्या कडेला रंग पाझरताना दिसला. नजर अजून शाबूत होती. आणखी वर्षभर थांबलो असतो तर काय झालं असतं, ते थोरलीकडे बघून कळत होतं. त्याच आठवड्यात धाकटीचं लेझर झालं.

तीन महिन्यांनी पुन्हा फोटो. ताईंनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. पाझर थांबला होता. आईनं पदर डोळ्यांना लावला.

"रडायचं तर बाहेर जा बाई, माझं भिंग धुरकटतं," ताई म्हणाल्या, आणि धाकटीला मांडीवर घेऊन तिचाच डोळा तिला दाखवत बसल्या.