बशीतला जपानी चहा

आमच्या घरी दुपारचा चहा एकच कप व्हायचा. अर्धा ह्यांचा, अर्धा माझा. हे बशीत ओतून भुरके मारायचे आणि कपात उरलेला मी प्यायचे. राहुरीत संसार थाटला तेव्हापासूनचा हा रिवाज. आदल्या रात्री कितीही भांडलो तरी चारचा चहा चुकला नाही. मग ह्यांना शुगर निघाली. डॉक्टर एवढंच म्हणाले, की साखर बंद करा. तर ह्या बहाद्दरानं चहाच बंद केला! "बिनसाखरेचं गढूळ पानी मी पिनार न्हाई," म्हणाले, आणि चार वाजले की चपला घालून बाहेर पडायला लागले. घर नुसतं खायला उठायचं. मला माझा चार वाजताचा माणूस परत हवा होता, दुसरं काही नको होतं.

लेक जपानात नोकरीला आहे. दिवाळीला आली ती हिरव्या चहाची पाकिटं घेऊनच. "आई, तिकडं ह्यात साखर घालतच नाहीत," ती सहज बोलून गेली. मी कान टवकारले.

ती परत गेल्यावर मी पहिलं पाकीट फोडलं. ह्याला सेन्चा म्हणतात. पानं बारीक, सुईसारखी, आणि वास थेट गुरांसाठी ताज्या कापलेल्या लसूणघासाचा. ह्यातून चहा होतो? बघू तरी! पातेलं चढवलं, आलं ठेचलं, गवती चहा घातला आणि खळखळा उकळला. न उकळलेल्या चहाला आपल्याकडं कोण चहा म्हणतं? ह्यांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "कडुलिंब उकाळला का काय गं?" मी प्यायले, तर खरंच कडूजहर. हे चपला घालून गेले. मी चिडले, पण हार मानेन तर ती मी कसली!

पुढच्या पाकिटात माचा निघाला, म्हणजे हिरवीगार पूड. ती घुसळतात असं लेक म्हणाली होती, म्हणून मी ताकाची रवी घेतली. फेस असा आला की विचारू नका. "पालकाचं ताक हाय व्हय हे?" म्हणून हे निघून गेले. मग सगळा मीच प्यायले, आणि मेला आवडलाही! तिसऱ्या चहात भाजलेले तांदूळ होते, त्यातले काही फुटून लाह्या झालेले. पूर्वी थोडा चहा जास्त दिवस पुरावा म्हणून गरीब लोक त्यात तांदूळ घालत, असं म्हणे तिकडं सांगतात. तो वास सुटला तसे हे दारात थबकले. "काय भाजतीस?" एवढंच विचारलं आणि गेले. पण थबकले होते, हे मी बघितलं.

रविवारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. उकळलेल्या सेन्चाची कथा ऐकून ती हसून हसून लोळली. "अगं आई, पाणी उकळून निववायचं आणि मग पानांवर ओतायचं! निववायला इथं वेगळं पसरट भांडं असतं."

हे पेपरामागून लेकीला म्हणाले, "म्हंजी बशीच की ती! आन् मला हाटेलात बशीत पिऊ देत नव्हतीस."

लेकीनं जीभ चावली. मी मात्र लगेच आधण ठेवलं. पाणी उकळल्यावर हे स्वतः ओट्यापाशी आले. "सर बाजूला, निववायचं काम माझं." दोन पेल्यांत वरखाली करत राहिले, मधूनमधून पेल्याला बोट लावून बघत. मग पानांवर ओतलं. थोड्या वेळानं मी कपात गाळलं, तर रंग कोवळ्या पोपटी पानासारखा.

ह्यांनी घोट घेतला. मी ह्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"आधी जरा तुरट लागतंय," म्हणाले. मग जीभ टाळ्याला लावून विचारात पडले. "मागनं गोड येतंय गं. साखर घातली का काय?"

"देवाशप्पथ नाही."

घड्याळात चार कधीच वाजून गेले होते. ह्यांनी फडताळातली बशी काढली, अर्धा चहा तिच्यात ओतला आणि कप माझ्याकडं सरकवला.

"धर. निवंल न्हाई तर."

माझे डोळे भरून आले. निवेपर्यंत कपाला हातच लावता आला नाही मला.