खोटा खड्डा

"जुना भाव जसाच्या तसा वाचू नये गा, पोस्टमन. आधी तो धुवून घ्यावा लागते."

असं म्हणून ते कानामागची पेन्सिल काढत, टोक जिभेला लावत आणि पेपरातल्या शेअरबाजाराच्या रकान्यावर वाकत. मी रजिस्ट्री पुढे धरून उभा. खांद्यावर बॅग, डोक्यावर नागपूरचं ऊन. पण सही मिळायची ती आकडा सापडल्यावरच. तुमच्याही गल्लीत असा एखादा गृहस्थ असेल, ज्याच्या दारात पोस्टमनचा वेळ हमखास मोडतो. माझ्या सक्करदऱ्याच्या बीटात, म्हणजे टपाल वाटायच्या माझ्या हद्दीत, हे होते. सगळे त्यांना काकाजी म्हणत, मीही म्हणायचो.

पाटबंधारे खात्यात ते नकाशे काढायचे. कालवा कुठे खोदायचा, कुठे भराव घालायचा, हे कागदावर रेघेनं दाखवण्यात जन्म गेला. पेन्शनीत निघाल्यावर हाताला काम नाही, म्हणून ते शेअरच्या भावाचे नकाशे काढू लागले. बैठकीच्या भिंतीवर एकाला एक चिकटवलेले चौकटीचे कागद, आणि त्यावरून चाललेली एकच निळी रेघ. मुंबईकडच्या एका कापडगिरणीच्या शेअरची. मुंबईचा पेपर इथे दुसऱ्या दिवशी यायचा, त्यामुळे आजचा भाव काकाजींना कधीच ठाऊक नसायचा. त्याचं त्यांना काही वाटत नसे. "आजच्याले काय करतो? मागचं समजलं का पुढचं समजते," म्हणायचे.

शेअर त्यांचे नव्हते, हे आधी सांगायला हवं. ते त्यांच्या बहिणीचे होते. कुसुमबाई उमरेडला राहायच्या. नवरा कोळशाच्या खाणीत गेला. भरपाईचे पैसे मिळाले, ते काकाजींनी टपालानं अर्ज पाठवून, पत्ता आपलाच देऊन, या गिरणीत घातले. बाईंनी विचारलंही नाही कुठे घातले म्हणून. भाऊ शिकलेला, सरकारी खात्यातला, त्याला कळतं, एवढं त्यांना पुरलं. त्या दोन भाड्याच्या खोल्यांत राहायच्या, एका खोलीत जमिनीत रोवलेला हातमाग. त्यावर लुगडी विणून पोट भरायचं आणि शेअरचे पैसे म्हातारपणाला ठेवायचे, असा बेत.

एकदा पेपरात भाव एका दिवसात निम्म्यावर आला. कालपर्यंत होता त्याच्या बरोब्बर निम्मा! उमरेडला कुणीतरी कुसुमबाईंच्या कानावर घातलं. त्या पहिल्या एसटीनं आल्या आणि दारातच रडायला लागल्या. मी टपाल घेऊन तिथेच होतो. काकाजी मात्र शांत.

"रडून काहून राहिली वं? हा खड्डा खोटा आहे."

"खोटा कसा गा भाऊ? अर्धे पैसे गेले ना माह्ये!"

काकाजींनी आत जाऊन भाकरी आणली आणि बहिणीच्या हातावर मोडली. "आता दोन तुकडे झाले. भाकर कमी झाली काय?" मग त्यांनी आम्हाला दोघांनाही समजावलं. कंपनी कधीकधी एका शेअरामागे एक शेअर फुकट देते, त्याला बोनस म्हणतात. शेअर दुप्पट होतात, भाव निम्मा होतो, पदरात तेवढंच राहतं. म्हणून बोनसच्या आधीचे सगळे जुने भावही निम्मे करून वाचायचे. नाहीतर काही झालेलं नसताना नकाशात भलामोठा खड्डा दिसतो आणि माणूस घाबरून विकून मोकळा होतो.

बोनसची सूचना आलेलीच नव्हती. टपालात कागद गहाळ होतात, मी सांगतोय म्हणजे खरं समजा. पण काही दिवसांनी नवीन शेअरची रजिस्ट्री आली आणि ती मीच नेली. काकाजींनी मला संत्र्याची बर्फी चारली, कुसुमबाईंना कार्ड टाकलं, आणि त्याच दिवशी भिंतीवरचे जुने कागद उतरवून मागची सगळी रेघ निम्म्यानं खाली आणून पुन्हा काढली. खड्डा गेला. गल्लीत त्यांचा मान असा वाढला की लोक मुलीच्या स्थळाबद्दलसुद्धा त्यांनाच विचारू लागले.

झालं! तिथेच घात झाला.

पुढे काही वर्षांनी भाव पुन्हा उतरायला लागला. या वेळी एका दिवसात नाही. रोज थोडा थोडा, जिना उतरल्यासारखा. उतरता उतरता निम्म्यावर आला, तसे काकाजी मला म्हणाले, "बोनस आला वाटते. सूचना पुन्हा गहाळ केली तुमच्या लोकायनं." मी हसलो. त्यांनी कागद उतरवले, मागचं सगळं निम्मं केलं, रेघ पुन्हा सपाट झाली. भाव आणखी उतरला. त्यांनी पुन्हा मागचं निम्मं केलं. बाजारात गिरणी बुडत होती आणि काकाजींच्या भिंतीवर ती संथ चालली होती.

तेव्हा मलाही ते पटायचं. एकदा खरं ठरलेल्या माणसावर आपण दुसऱ्यांदा विश्वास ठेवतोच. पण आज मला त्यांचा राग येतो. उभा जन्म रेघा ओढण्यात गेलेल्या माणसाला एका दिवसातली उडी आणि महिनोन्‌महिन्यांची घसरण यातला फरक दिसत नव्हता? दिसत असणार. पण खड्डा खरा आहे असं मानलं असतं, तर बहिणीला त्यात कुणी ढकललं, हेही मानावं लागलं असतं.

त्याच साली कुसुमबाईंच्या घरमालकानं त्या दोन खोल्या विकायला काढल्या. म्हातारा भला होता. बाईंना म्हणाला, दिवाळीपर्यंत थांबतो, तुम्हीच घ्या, माग हलवावा लागणार नाही. बाई लगबगीनं नागपूरला आल्या. मी मनीऑर्डर द्यायला काकाजींच्या शेजारच्या घरी गेलो होतो, तिथून मला त्यांचा आवाज ऐकू आला.

"भाऊ, आता विकून टाक गा. जे येईन त्यात दोन खोल्या होतेत. मले जास्त नाई पाह्यजे."

"आता विकशीन तर दोन. बोनसचे कागद आले का चार खोल्या घेशीन. ते पाय, रेघ कशी सपाट आहे! कुठं खड्डा दिसते काय तुले?"

कुसुमबाईंनी भिंतीकडे पाहिलं. त्यांना काय दिसणार? "नाई दिसत," म्हणाल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या.

मग काकाजी रोज कोपऱ्यापर्यंत येऊन माझी वाट पाहू लागले. माझ्या तोंडाकडे पाहायचेच नाहीत, आधी बॅगेकडे पाहायचे. "नाही काकाजी," मी लांबूनच सांगायचो. दिवाळी आली आणि गेली. घरमालकानं आणखी थोडे दिवस कळ काढली आणि मग खोल्या एका दुकानदाराला दिल्या. त्यानं माग उपटून अंगणात टाकला. कुसुमबाई एक गाठोडं घेऊन भावाकडे आल्या.

दुसऱ्या दिवशी काकाजी पहिल्यांदा बर्डीवर, शहरातल्या मोठ्या बाजारात, एका शेअर दलालाकडे गेले. इतकी वर्षं नकाशे काढले, पण दलालाची पायरी चढले नव्हते. त्यानं सांगितलं, त्या पहिल्या बोनसनंतर दुसरा बोनस कधी निघालाच नाही. गिरणीला कुलूप लागणार आहे, हा कागद आता कुणी घेत नाही.

मी दुपारी पत्र टाकायला गेलो तेव्हा ते स्टुलावर चढले होते. खरा बोनस आला होता त्या दिवसापासून पुढची रेघ ते पुन्हा काढत होते. कुठे काही निम्मं न करता, पेपरात छापलेल्या भावांनी. रेघ कागदाखाली गेली. त्यांनी खाली दुसरा कागद चिकटवला. ती त्याच्याही खाली गेली. शेवटचा कागद चिकटवायला त्यांना जमिनीवर बसावं लागलं.

कुसुमबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. या वेळी त्यांना समजवायला कुणाची गरज पडली नाही.

"हे असं होतं," त्या म्हणाल्या, "तं मले तवा सपाट काहून दाखवलं गा भाऊ?"

"मले दिसलं नाई वं."

"मी तुह्या डोळ्यानं पाह्यत होती."

एवढंच बोलल्या. ओरडल्या असत्या, कपाळ बडवून घेतलं असतं तर बरं झालं असतं. सकाळी गाठोडं उचलून निघून गेल्या. पुढे कळलं की रामटेकला एका धर्मशाळेत यात्रेकरूंसाठी पोळ्या लाटतात.

काकाजी दर महिन्याला पेन्शन झाली की रामटेकला मनीऑर्डर करत. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर निरोपाला दोन ओळींची जागा असते. तिथे एकदा "थंडी आहे, शाल घे" असं लिहिलेलं होतं. बाकी प्रत्येक वेळी तेच, "कुसुम, एवढं घे." मनीऑर्डर परत यायची, "नाकारली" असा शेरा मारून. पैसे त्यांच्या हातात परत द्यायचं काम माझं. माझ्या नोकरीत मी मरणाच्या तारा वाटल्यात हो, पण त्या घराची पायरी चढताना जसा जीव जड व्हायचा तसा कधी झाला नाही. ते सही करत आणि विचारत, "पहिले हातात घेतली होती काय तिनं? का लांबूनच नाई म्हणाली?" मला कसं ठाऊक असणार? मी म्हणायचो, "घेतली असेल, काकाजी."

असं कितीतरी काळ चाललं. मग एका महिन्यात मनीऑर्डर परत आली आणि तिच्यावरचा शेरा वेगळा होता. "घेणार मयत."

मी पोस्टमास्तरांना म्हटलं, दुसऱ्या कुणाला पाठवा. ते म्हणाले, बीट तुझं आहे. गेलो. काकाजींनी चष्मा लावला, शेरा वाचला. पेन मागितलं, नेहमीच्या जागी सही केली. नोटा हातात घेऊन उभे राहिले.

"आता कोणाले पाठवू गा?" त्यांनी मला विचारलं. मी सही केलेला कागद बॅगेत ठेवला.

पुढच्या महिन्यात पेन्शनच्या दिवशी मी पोस्टात टपाल लावत होतो. काकाजी मनीऑर्डरच्या रांगेत उभे दिसले. रांग सरकली, त्यांचा नंबर आला. खिडकीतल्या बाबूनं फॉर्म मागितला. त्यांच्या हातात फॉर्म नव्हता, नुसत्या नोटा होत्या. ते बाजूला झाले, मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. खिडकी बंद होईपर्यंत ते तसेच फिरत होते.