चिंच तोडली नाही, दादा

मुलुंडहून निघालो तेव्हा टेम्पोतल्या पंख्यावर हात ठेवून दादाने विचारलं होतं, "तिथल्या छताला हा पेलेल ना रे?" अख्खा मजला हसला. मीही हसलो. जन्मभर विक्रोळीच्या ऑफिसात कपाटांची ड्रॉइंग्ज काढलेला माणूस गोराईत लाकडी घर बांधतो म्हटल्यावर सख्खा भाऊ तरी काय करणार! सामान भाईंदरवरून फिरून गेलं; मी आणि बायको, सुनंदा, बोरिवलीहून बोटीने.

जागेत मधोमध चिंच. आई म्हणायची, "चिंचेखाली झोपूसुद्धा नये." पण तोडायला हात होईना. मग घरच वाकवलं. ओटी झाडाला वळसा घालून, खिडक्या खाडीच्या वाऱ्याकडे, सगळं खांबांवर उचललेलं, म्हणजे पावसाचं पाणी खालून आपल्या वाटेने जाईल. इथवर मी हुशार. पुढे फ्लॅटची सवय नडली. फट दिसली की बिल्डरने फसवलं, हे आमच्या रक्तात. पास्कोल सुतार सांगत होता, "साहेब, पावसात लाकूड फुगतं. फळ्यांमध्ये जरा जागा सोडा." मी म्हणालो, "पोस्टकार्डसुद्धा आत जाता कामा नये!"

श्रावणात दादा घर बघायला आला. जेवला, निघाला, तर दार उघडेना. ढकललं, लाथ मारली, देवाचं नाव घेतलं. शेवटी दादा खिडकीतून उतरला, चपला हातात. अंगणातून ओरडला, "वेडा आहेस तू! तुझी खोली तशीच ठेवलीय, चल आजच्या आज. सुनंदा, तू तरी सांग याला."

सुनंदा खिडकीतूनच म्हणाली, "भाऊजी, पाय पुसून परत आत या. चहा टाकलाय."

खरं सांगतो, त्या वेळी मी मनातल्या मनात बॅग भरली होती. पण चूक माझी होती, घराची नव्हती. दुसऱ्या दिवशी पास्कोलने दार रंध्याने तासलं, भिंतीच्या फळ्या सोडवून जागा ठेवत पुन्हा बसवल्या. मी फळ्या धरल्या आणि तोंड बंद ठेवलं. दोन्ही कामं मला नवीन.

तर दादा, आता तुलाच सांगतो, ती खोली तुझ्या मिनूला दे. पोर किती दिवस पलंगावर अभ्यास करणार? आम्ही येऊ ते पाहुणे म्हणून. इथे दरसाल लाकडाला तेल पाजायचं, वाळवीवर नजर ठेवायची, फुगलं की तासायचं. मुलुंडच्या घराने माझ्याकडून कधी काही मागितलं नाही. हे रोज मागतं, म्हणून हे माझं. फळ्यांमधून वारा येतो, कधी मुंग्या येतात. येऊ देत. मी जाणार नाही.