सिद्धेश्वरचा शेवटचा मासा

त्या सकाळी मी देवपूजेच्या आधी माशाचं वाटण केलं. सुकं खोबरं भाजलं, लसूण सोलला, मूठभर कोथिंबीर टाकली आणि मिक्सर सुरू केला. देव थांबतो, मेहुणा थांबत नाही, असा माझा त्या वेळचा हिशेब होता.

अण्णा, म्हणजे माझे वडील, ओसरीत बसून जप करत होते. मिक्सर बंद झाल्यावर म्हणाले, "आज लवकर उठला."

"सिद्धेश्वरला चाललो ना. मासे धरायला."

"व्हय," अण्णा म्हणाले आणि त्यांनी पुढचा मणी ओढला.

या 'व्हय'चा अर्थ कळायला थोडं मागचं सांगावं लागेल. अण्णा माळकरी आहेत. आमच्या देव्हाऱ्याशेजारी एका खिळ्याला तुळशीची दुसरी माळ लटकलेली असते. ती त्यांनी संत नामदेवांच्या नरसी गावाहून माझ्यासाठी आणली, त्याला कितीतरी वर्षं झाली. माळ घातली की मांस-मच्छी कायमची बंद. मी काही नास्तिक नाही. रोज पूजा करतो, एकादशी धरतो, संध्याकाळी दिवा लावतो. अडचण फक्त मरळ माशाची आहे. मरळाचं कालवण आणि ज्वारीची भाकरी समोर आली की माझी भक्ती ताटाच्या त्या बाजूला जाऊन बसते. म्हणून मी अण्णांना एक उत्तर तयार ठेवलं होतं: "एकदा लेकरायला घेऊन सिद्धेश्वरला जातो, तिथला मरळ खातो, मंग घालतो." सिद्धेश्वर धरण आमच्या कुरुंद्याहून गाडीनं सकाळी निघालं तर न्याहारीच्या वेळेला येतं. मी त्याला काशीइतकं लांब करून ठेवलं होतं.

ते अंतर माझ्या मेहुण्यानं संपवलं. प्रशांत पुण्यात नोकरीला आहे आणि गेलं वर्षभर तो मोबाइलवर अमेरिकेतले लोक मासे धरताना पाहतो. तिकडे बास नावाचा मासा असतो. तो धरायला सहा माणसांची बोट लागते, गॉगल लागतो, आणि मासा हातात आल्यावर दात काढून फोटो काढावा लागतो. प्रशांतनं फिरकीचे दोन गळ, रबराचे बेडूक, प्लास्टिकच्या अळ्या, बर्फाचा डबा आणि खिसेच खिसे असलेलं जाकीट मागवलं. माशांव्यतिरिक्त सगळं आलं होतं.

"दाजी, धरणात बास असेल ना?" त्यानं फोनवर विचारलं.

"बास न्हाई. रोहू, कटला, चिलापी, मरळ."

"चालेल. टेक्निक सेम असतं."

नावही त्यानंच ठरवली. धरणावर मासेमारी करणाऱ्या रफिकभाईंचा नंबर कुणाकडून तरी मिळवला. "एका फोनवर काम झालं, दाजी. म्हणाले, त्या दिवशी नाव पूर्ण रिकामी आहे. कॉन्टॅक्ट लागतात." मी त्याच्या कॉन्टॅक्टचं कौतुक केलं. नाव त्याच दिवशी रिकामी का, हे दोघांनाही विचारावंसं वाटलं नाही.

तर आम्ही निघालो. प्रशांतची गाडी, त्यात तो आणि त्याचा आठ वर्षांचा आरव, मी, माझी बायको सुमन आणि आमची बारा वर्षांची श्रुती. प्रशांतची बायको पुण्यालाच राहिली. ती समजूतदार आहे.

जाणाऱ्यांसाठी रस्त्याबद्दल: औंढ्यापर्यंत चांगला आहे, फक्त माघ-फाल्गुनात हळदीचे ट्रॅक्टर पुढे असतील तर मनातली घाई घरी ठेवून या. त्या दिवसांत शेतोशेती हळद शिजत असते आणि काचा बंद केल्या तरी वास आत येतो. आरवनं विचारलं, "कुणी औषध सांडलंय का?" श्रुती म्हणाली, "न्हाई रे, तुझ्या दुधातली हळद येऊन राहिली." औंढ्याच्या पुढे धरणाकडचा रस्ता मात्र खड्ड्यांना विचारून केलेला आहे.

औंढ्याला आधी नागनाथाचं दर्शन घेतलं. सकाळी लवकर गेलात तर रांग नसते. सोमवार आणि महाशिवरात्र टाळा. देवासमोर हात जोडून मी काय मागितलं ते इथे लिहितो, कारण कपाळाला गंध असताना खोटं बोलू नये: किलोभराचा एक मरळ. हळाहळ पचवणाऱ्या देवाला माझं हे मागणंही पचलं असावं.

बाहेर आलो तर समोर गरम भजे निघत होते. मी दोन प्लेटी सांगितल्या. भजे खमंग, मिरची तळून वेगळी, चहा गोड. खर्च असा की सगळ्यांचं पोट भरलं तरी पुण्याच्या एका कॉफीइतका होत नाही, हे प्रशांतनंच सांगितलं. सुमननं मात्र दोन केळी घेतली.

"तू काहून खात न्हाईस?"

"तुमी खा," ती म्हणाली. मला वाटलं पोट बिघडलं असेल. संसाराला वीस वर्षं होत आली की माणूस बायकोच्या पोटाबद्दल इतपतच विचार करतो.

सिद्धेश्वरला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. एक सूचना: इथे कुणालाही न विचारता गळ टाकू नका. पाण्यावर मासेमारीचा हक्क स्थानिक मच्छीमारांच्या सोसायटीचा असतो. रफिकभाई तिचेच सभासद. लुंगी, स्वेटर, कानाला मफलर. त्यांची नाव पाहून प्रशांतचा चेहरा उतरला. ती पत्र्याची होती, दोन वल्ही होती आणि बसायला एक आडवी फळी.

"मोटर?" प्रशांतनं विचारलं.

रफिकभाईंनी आपले दोन्ही दंड दाखवले. "ही काय."

प्रशांतच्या खरेदीत एक शहाणी गोष्ट निघाली: लेकरांसाठी आणलेली लाइफ जॅकेटं. ती घातल्याशिवाय लेकरांना नावेत बसवू नका, आणि नावेचे पैसे काठावरच ठरवा. पाण्यात गेल्यावर भाव करायला माणसाला धीर राहत नाही.

धरण मात्र सुंदर. पाणी स्थिर, पलीकडच्या काठावर बगळे, मध्ये बुडालेल्या झाडांचे शेंडे. मला वाटलं, इथं नुसतं बसून नाम घ्यावं. पण माझ्या मागे प्रशांत फिरकी फिरवत होता आणि दर दोन मिनिटांनी रबरी बेडूक माझ्या कानाजवळून जात होता. तेव्हा नाम घेतलं, पण वेगळ्या कारणानं.

"साहेब, काल इथंच एवढा मरळ होता," रफिकभाई कोपरापर्यंत हात दाखवत म्हणाले.

पुढच्या वळणावर पुन्हा, "परवा इथं ह्याच्यावून मोठा होता." धरणात मरळ भरपूर होते. फक्त ते सगळे काल-परवाचे होते.

"ह्या बेडकाला लागतो का मरळ?" मी विचारलं.

"कभी न्हाई. ह्यात जान न्हाई. मरळाला जान लागते. उगाच तकलीफ करून राहिलेत तुमी."

दुपार झाली. प्रशांतनं अळ्या बदलल्या, गॉगल बदलला, जागा बदलली. एका झाडाचा शेंडा तेवढा धरला, तो काही वर आला नाही. लेकरं कंटाळली. सुमननं डबा उघडला. आत साबुदाण्याची खिचडी होती, भगर होती, दाण्याची आमटी होती.

"हे काय?" मी म्हणालो. "भाकरी न्हाई आणल्या? मासे कशासोबत खायचे?"

"आज एकादशी हाये," सुमन म्हणाली.

रफिकभाईंची वल्ही थांबली.

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी विचारलं का? कॅलेंडरचं पान तुमी उलटता. ते अजून मागच्याच महिन्याचं हाये. मला वाटलं, माशासाठी एकादशी सोडली असंल. मोठे लोक हाव तुमी."

"आणि औंढ्याला भजे खाऊन राहिलो तवा?"

"तवा तुमचं तोंड भरलेलं होतं."

मी रफिकभाईंकडे पाहिलं. ते म्हणाले, "मला वाटलं तुमाला मालूम हाये. एकादशीला मच्छी कोण घेतं? म्हणून तर नाव रिकामी होती, साहेब."

प्रशांतच्या कॉन्टॅक्टचं रहस्य असं उलगडलं. नावेची स्थिती अशी: एक जन्माची उपवासवाली, एक भजे खाऊन उपवासाला लागलेला, एक पुण्याचा ज्याला काहीही चालतं पण खायला फक्त साबुदाणा होता, आणि काठावरच्या गाडीत वाटणाचा डबा. आरवनं खिचडीचे चार दाणे पाण्यात टाकले तर बोटाएवढ्या चिलाप्यांचा थवा धावून आला. सकाळपासून आमच्या अळ्यांकडे ढुंकूनही न पाहणारे हे मासे साबुदाण्यावर तुटून पडले.

"आत्या, त्यांचा पण उपवास आहे," आरव म्हणाला.

परत फिरलो. काठाजवळ पाणवनस्पती दाट होती. प्रशांतला केळ सोलायचं होतं, म्हणून त्यानं गळाची काठी माझ्या हातात दिली. बेडूक मागे पाण्यात तसाच ओढला जात होता. मी दिवसभरात एकदाही गळ टाकला नव्हता. तो टाकावाही लागला नाही. पाणी एकदम फुटलं आणि काठी माझ्या हातातून जायला निघाली.

"सोडू नका दाजी. फिरकी. उलटी नाही, सुलटी. टोक वर," प्रशांत केळ हातात धरून ओरडत होता. नाव कलली. सुमननं दोन्ही लेकरांची जॅकेटं मुठीत धरली आणि म्हणाली, "पडला तर माशाला धरा, आमाला न्हाई." रफिकभाईंनी वाकून हातजाळीत त्याला उचललं. मरळ. काळपट हिरवा, सापासारखं डोकं, पुरता किलोभर.

"मी म्हणलं होतं ना, इथं मरळ हाये," रफिकभाई म्हणाले. रबरी बेडकाबद्दल ते आधी काय म्हणाले होते, ते कुणी काढलं नाही.

"सोडून द्या," सुमन म्हणाली.

"ताई, अगं वर्षभराची मेहनत आहे," प्रशांत म्हणाला.

माझ्या डोक्यात तोवर व्यवस्था लागली होती. "मरळ डब्याच्या पाण्यात किती टिकतो?" मी रफिकभाईंना विचारलं.

"उद्यापर्यंत आरामात. जिद्दी जात हाये."

उद्या द्वादशी. सकाळी उपवास सोडायचा, पारणं मरळाच्या कालवणानं. एकादशीही राखली, मासाही खाल्ला, आणि त्यानंतर माळ. धर्मातून पळवाट काढायची म्हटलं की माझं डोकं फार चालतं. बर्फाच्या डब्यात पाणी भरून मरळाला आम्ही मानानं घरी आणलं. प्रशांतच्या हातात केळ होतं, त्यामुळे मासा वर आला तेव्हाचा फोटो कुणीच काढला नाही, याचं त्याला घरापर्यंत दुःख होतं.

घरी अंगणातल्या टाकीत मरळाला सोडलं, वर जाळी आणि दगड ठेवला, कारण तो उडी मारतो. आरवनं त्याला साबुदाणा दिला. तो तसाच तरंगत राहिला.

सकाळी मी विळी धुऊन, वाटणाचा डबा घेऊन टाकीपाशी आलो. अण्णा आधीच तिथे उभे होते. जाळीतून आत पाहत होते.

"ह्यानं काही खाल्लं का काल?"

"न्हाई. साबुदाणा टाकला, त्यालाबी शिवला न्हाई."

"पाणी तेवढं पेला असंल."

"असंल."

"म्हंजे ह्याला कडक घडली एकादशी." अण्णा माझ्याकडे वळले. "आणि तू औंढ्याला भजे खाल्ले म्हणे."

मी सुमनकडे पाहिलं. ती अंगण झाडण्यात गर्क होती.

अण्णांनी दोरीवरचा पंचा खांद्यावर टाकला. "आज द्वादशी. ज्यानं एकादशी धरली त्याला आज जेवू घालावं लागतं," एवढं म्हणून ते आंघोळीला गेले. माळेचं नाव काढलं नाही. मी चिडून काही बोलेन, अशी जागाच त्यांनी ठेवली नाही.

मी विळी टाकीच्या कठड्यावर ठेवली आणि आत पाहिलं. मासा वर आला, तोंडानं हवा घेतली आणि खाली गेला. काल सगळ्या कुटुंबात एकादशी नीट पाळणारा, बायको आणि अण्णा सोडले तर, तोच होता. देवाकडे मी जे मागितलं ते त्यानं वजनासकट दिलं होतं. आता माझ्याकडून काहीतरी येणं बाकी होतं.

लेकरांना उठवलं. मरळाला पुन्हा डब्यात घातलं आणि शेतातल्या विहिरीवर नेलं. तिथे बेडूक भरपूर आहेत, खरे, जान असलेले. डबा कलता केला. मरळ एकदाही वर न पाहता तळाला गेला. त्याच्या पारण्याची सोय झाली.

मला वाटलं प्रशांत भांडेल. तो डोळे चोळत म्हणाला, "दाजी, बासवाले पण सोडूनच देतात. त्याला कॅच अँड रिलीज म्हणतात." अमेरिकेची परवानगी मिळाल्यावर त्याचा चेहरा खुलला. सुमननं त्या वाटणात वांगी केली. वांगी चांगली झाली. मरळासारखी झाली, असं मी म्हणणार नाही.

खरं तर माझी सबब अजून शिल्लक होती. सिद्धेश्वरला गेलो, मरळ धरला, पण खाल्ला नाही. अट अर्धीच पुरी झाली होती, आणि तेवढ्यावर मी आणखी काही वर्षं काढू शकलो असतो. अण्णांनी विचारलंही नसतं. ते माझ्या ताटात वांगी वाढलेली पाहत होते आणि आपलं जेवत होते.

या सहलीतून घरी काय राहिलं म्हणाल, तर रबरी बेडूक. श्रुतीनं त्याचे आकडे काढून देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवला. सुमन म्हणाली, देवाजवळ हे काय. अण्णा म्हणाले, राहू दे, त्यानं चांगलं काम केलं. खिळा मोकळा होता, कारण जेवण झाल्यावर मी तिथली माळ काढून खिशात ठेवली, प्रशांतला गाडी काढायला सांगितली, अण्णांना पुढच्या सीटवर बसवलं आणि नरसीला जाऊन त्यांच्याच हातून ती घालून घेतली.