मुन्नीबाईचे पाच गोळे

धानाच्या मुलखात गहू चुलीजवळ येतो तो पाहुण्यासारखा. मुन्नीबाईच्या घरी मात्र पितरांच्या अमावस्येला कणकेचे गोळे होत. आधी हळदीच्या पाण्यात उकळायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. चोरखमारा गावात असे करणारे हे एकच घर. शेजारची प्रेमिला दरसाल कुंपणावरून विचारी, "काकू, पानगे भाजून राहिली का धान उकडून राहिली वं?"

"तुले काय करा लागते? धूर खाय अन् चूप बस."

गोळे उकळायचे कशाला, हे मुन्नीबाईलाही ठाऊक नव्हते. सासूने सांगितले तेवढे तिने जपले होते. माळव्यातून निघालेल्या आपल्या पोवार पूर्वजांना वाटेत कोणा अनोळख्याने जेवू घातले, म्हणून पहिला गोळा वाटेवरच्या माणसाचा. त्याने खाल्ल्याशिवाय घरच्या बाईने तोंडात घास घालायचा नाही.

नवरा, मनीराम, होता तोवर तो सायकलने हायवेवरच्या कोहमाऱ्याला जाई, एखाद्या ट्रकवाल्याला गोळा खाऊ घाली आणि परतताना लांबूनच घंटी वाजवी. घंटी ऐकली की ती ताट वाढी. यंदा मनीरामच पितरांत जाऊन बसला होता. पुण्याहून लेकाचा, उमेंद्रचा, सकाळीच फोन आला.

"आई, एक गोळा कुत्र्याले टाक अन् खाऊन घे. कोण पाहून राहिलं?"

"तुहा बाप," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पाच गोळे फडक्यात बांधून ती काळीपिवळी जीपने कोहमाऱ्याला उतरली. ऊन डोक्यावर आले होते, पोटात सकाळपासून नुसते पाणी. पहिल्या ड्रायव्हरने लांबूनच हात जोडले. दुसऱ्याने काच वर केली.

"माय, अनोळखी हातचं आता कोणी खात नाही," ढाबेवाला भैय्यालाल ओरडला. "कायले उन्हात फिरून राहिली?"

तिसरा ड्रायव्हर खाटेवर बसला होता. ट्रक माळव्यातला, धारकडचा. त्याने गोळा हातात घेतला, वास घेतला आणि तिच्याकडे पाहतच राहिला.

"माई, ये बाफले किसने सिखाए?"

"सासूनं."

"हल्दी के पानी में उबालकर सेंके हैं ना?"

मुन्नीबाई खाटेच्या कडेला टेकली. "तुले कसं मालूम?"

"हमारे यहाँ तो घर-घर बनते हैं. इतवार को, दाल में चूरकर. मेरी माँ बिना पूछे चार रख देती है."

घरोघरी. दर रविवारी. पन्नास वर्षे ती चेष्टा सोसत एकटी उकळत होती, आणि तिकडे गावेच्या गावे हेच पाणी चुलीवर ठेवत होती. त्यातली एकही बाई तिच्या ओळखीची नव्हती.

ड्रायव्हरने गोळा सावकाश संपवला, बोटे चाटली. "घर में कौन-कौन है, माई?"

"सारेच हायत," ती म्हणाली. तोंडातून कसे निघून गेले, तिलाच कळले नाही.

उरलेले चारही ती त्याच्यापुढे सरकवणार होती. पण त्याने स्वतःच फडक्याची गाठ बांधून तिच्या हातात दिली. "फिर ये घरवालों के लिए ले जाओ. राह देख रहे होंगे."

ट्रक गेला. ती घरी आली. डाळ तापवली, ताट वाढले आणि सवयीने घंटीसाठी थोडी थांबली. मग एक गोळा डाळीत कुस्करून खाल्ला. बाकीचे तीन तिने झाकून ठेवले. सारेच हायत, असे ती सांगून आली होती.